खांदा जुनाट दुखत असताना हात न हलवता जोर लावण्याचे व्यायाम कितपत उपयोगी पडतात?

प्रश्न : गृहउद्योग करणारी एक भगिनी, अमळनेर तालुका

नमस्कार. माझे वय पन्नाशीला आले आहे. मांडे, बिबड्या आणि पापड करून देण्याचा माझा घरगुती व्यवसाय बऱ्याच वर्षांपासून चालू आहे. वर्षाहून अधिक काळ माझा उजवा खांदा दुखत आहे. हात बाजूने वर नेताना मध्येच एका ठिकाणी जोराची कळ येते, फळीवरचा डबा काढणे आणि वेणी घालणे त्रासाचे झाले आहे, आणि रात्री उजव्या कुशीवर झोपले की हमखास जाग येते.

ज्यांनी खापरावरचे मांडे केले आहेत त्यांना यातील श्रम ठाऊक असतील. कणीक तार सुटेपर्यंत मळायची, पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर घेऊन कोपर अंगापासून दूर ठेवायचे, तो या हातावरून त्या हातावर फिरवत कोपरापर्यंत पसरवायचा आणि हात तसेच उचललेले ठेवून चुलीवरच्या पालथ्या खापरावर अलगद सोडायचा, असे एकामागून एक चालू असते. आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की मागणी इतकी वाढते की दिवसभर खापर उतरत नाही.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे आणि सोनोग्राफी करून घेतली. हाडात दोष नाही, परंतु खांद्याच्या टेंडनची, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाची, झीज झाली आहे आणि ते पूर्ण तुटलेले नाही, असे त्यांनी सांगितले. वेदनाशामक गोळ्यांनी पित्त होते. फिजिओथेरपिस्टनी कोपर कमरेशी धरून मनगट भिंतीवर दाबण्याचे, म्हणजे हात न हलवता केवळ जोर लावण्याचे व्यायाम शिकवले आहेत. सासूबाईंचे म्हणणे असे की दुखऱ्या हाताला विश्रांती द्यावी, जोर कसला लावायचा?

हात हललाच नाही तर खांदा सुधारणार कसा, हे मला समजून घ्यायचे आहे. दाब देताना थोडे दुखते, तेव्हा थांबावे की चालू ठेवावे? मला रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्यामुळे असा जोर लावण्यात काही धोका आहे का? आणि या वर्षी आखाजीच्या मांड्यांचे काम घ्यावे की नाकारावे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : शेतकरी, चोपडा तालुका

ताई, मी डॉक्टर नाही, परंतु या दुखण्यातून गेलो आहे. आमच्याकडे केळीचे आणि कापसाचे पीक आहे. पाठीवरचा सोळा लिटरचा फवारणी पंप भरला की वीस किलोच्या आसपास वजन होते, आणि एका हाताने दांडा मारत दिवसभर सरीतून चालायचे म्हणजे दांड्याच्या बाजूचा खांदा संध्याकाळी उचलत नाही. माझाही उजवाच खांदा होता.

मला भिंतीवर दाब देण्याचा व्यायाम सांगितला, तेव्हा दाब नेमका किती द्यायचा हे कळत नव्हते. "हलकासा" म्हणजे किती, हे प्रत्येकाचे वेगळे असते. यावर मला सुचलेला उपाय असा, की कापूस वेचणीच्या वेळी मजुरी ठरविण्यासाठी आपण जो हुकाचा काटा वापरतो, तो एका दोरीने चौकटीला कमरेच्या उंचीवर बांधला आणि दुसऱ्या बाजूने फडक्याचा फास करून मनगटात घातला. कोपर अंगाशी ठेवून बाहेरच्या बाजूला ताण दिला की काट्यावर आकडा दिसतो. आज किती ताण दिला आणि मागील आठवड्यात किती दिला होता हे डोळ्यांना दिसल्यामुळे व्यायामात सातत्य राहिले, आणि जोशात येऊन नको तितका जोर लावणेही टळले.

व्यायामाइतकाच फरक कामाची पद्धत बदलल्याने पडला. पंप आता अर्धाच भरतो. तो जमिनीवरून झटका देऊन पाठीवर घेत नाही, तर ओट्यावर ठेवून दोन्ही पट्ट्यांत हात घालून उठतो. दांड्याचा पंप सोडून बॅटरीचा घेतला. कळ एका रात्रीत गेली नाही, परंतु रात्रीची झोप सर्वांत आधी सुधारली, हे नक्की सांगतो.

उत्तर : फिजिओथेरपिस्ट, जळगाव

ताई, तुमच्या सासूबाई आणि तुमचे फिजिओथेरपिस्ट यांचे म्हणणे परस्परविरोधी वाटले तरी काळजी दोघांनाही एकाच गोष्टीची आहे, ती म्हणजे दुखऱ्या टेंडनवर झेपणार नाही इतका भार पडू नये. मात्र संपूर्ण विश्रांती घेतली तर स्नायू क्षीण होतात, टेंडनची भार सोसण्याची क्षमता आणखी कमी होते, आणि मग पूर्वी सहज होणारे कामही दुखवू लागते. वर्षभर जुन्या दुखण्यात हे चक्र मोडावे लागते, आणि त्याची सुरुवात म्हणून आयसोमेट्रिक, म्हणजे हात न हलवता जोर लावण्याचे, व्यायाम सोयीचे ठरतात.

खांद्याची रचना थोडी समजून घेतली तर या व्यायामाचे कारण स्पष्ट होईल. दंडाच्या हाडाचा गोल माथा मोठा असतो आणि खवाट्यावरची ज्या खोबणीत तो फिरतो ती लहान व उथळ असते. त्यामुळे हात सर्व दिशांना फिरतो खरा, परंतु माथा जागेवर धरून ठेवण्याचे काम हाडांपेक्षा स्नायूंना अधिक करावे लागते. हे काम करणारे चार स्नायू म्हणजे सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरेस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस. या चौघांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. पहिला स्नायू हात बाजूने उचलण्यास मदत करतो, पुढचे दोन स्नायू दंड बाहेरच्या बाजूस वळवतात आणि चौथा आतल्या बाजूस. पहिल्याचे टेंडन खांद्याच्या टोकावरील हाडाच्या खालून जाते आणि दुखणे बहुधा तिथेच सुरू होते. हात बाजूने उचलताना साधारण 60 ते 120 अंशांच्या दरम्यान कळ येणे आणि त्याच्या वर गेल्यावर ती कमी होणे, हे त्याचे नेहमीचे लक्षण आहे. तुम्ही सांगितलेली "मध्येच एका ठिकाणी येणारी कळ" हीच असावी.

आता हात न हलवता काय साधते ते सांगतो. दंड अंगाजवळ ठेवून दाब दिला की स्नायू आकुंचन पावतो आणि टेंडनवर खरोखरचा भार येतो, परंतु दुखऱ्या टप्प्यातून हात जात नाही. म्हणजे टेंडनला काम मिळते आणि कळ उठवणारी हालचाल टळते. शिवाय दाबाचे प्रमाण पूर्णपणे तुमच्या ताब्यात राहते, जे वजन उचलताना राहत नाही.

वेदना कमी होण्याबाबत बोलायचे तर 2015 साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी गुडघ्याच्या वाटीखालील टेंडन दुखणाऱ्या व्हॉलीबॉलपटूंवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 45 सेकंदांचा जोरकस आयसोमेट्रिक ताण पाच वेळा दिल्यानंतर वेदना लक्षणीय कमी झाली आणि तो परिणाम किमान 45 मिनिटे टिकला. या अभ्यासाने हा व्यायाम जगभर लोकप्रिय केला. पण त्यात केवळ सहा खेळाडू होते आणि दुखणे गुडघ्याचे होते, हे विसरता कामा नये. नंतरच्या अभ्यासांत सर्वांनाच तसा आराम मिळाला नाही, आणि खांद्याच्या बाबतीत हे व्यायाम इतर व्यायामांहून सरस आहेत असे सिद्ध झालेले नाही. माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांपैकी काहींना तिसऱ्या-चौथ्या दाबानंतर खांदा हलका वाटतो, काहींना काहीच जाणवत नाही. ज्यांना हलके वाटते त्यांनी कामाला बसण्यापूर्वी हा व्यायाम करून त्या आरामाचा उपयोग करून घ्यावा. ज्यांना तसे वाटत नाही त्यांनीही निराश होऊ नये, कारण ताकद त्यांचीही वाढते.

कृती नीट लिहितो, कारण बहुतेकांचे गणित इथेच बिघडते. दाराच्या चौकटीजवळ उभे राहावे. उजवा कोपर काटकोनात वाकवून बरगड्यांजवळ आणावा, आणि कोपर व बरगड्या यांच्यामध्ये टॉवेलची लहान गुंडाळी ठेवावी, म्हणजे दंड अंगाला आवळला न जाता किंचित सुटा राहतो. अंगठा वरच्या दिशेला ठेवून मनगटाची पाठीकडची बाजू चौकटीला टेकवावी आणि चौकट बाहेर ढकलायची आहे अशा रीतीने दाब द्यावा. दाब एकदम देऊ नये. दोन-तीन सेकंदांत वाढवत न्यावा आणि तितक्याच सावकाश सोडावा. टॉवेल खाली पडला तर कोपर अंगापासून सुटतो आहे, असे समजावे. आरशात पाहावे, कारण खांदा कानाकडे उचलला जात असेल तर काम मानेचे स्नायू करीत आहेत आणि रोटेटर कफ मोकळा राहिला आहे. अशाच पद्धतीने भिंतीला उजवी बाजू करून कोपराच्या बाहेरच्या बाजूने भिंतीवर दाब देता येतो. आतल्या बाजूचा, पुढचा आणि मागचा असे आणखी प्रकार आहेत, पण तुम्ही सुरुवात या दोनच प्रकारांनी करावी.

पहिल्या एक-दोन आठवड्यांत प्रत्येक दाब दहा सेकंद धरून दहा वेळा करावा. ते सहज जमू लागले की 30 ते 45 सेकंद धरून चार किंवा पाच वेळा, आणि मध्ये एक-दोन मिनिटांची उसंत घ्यावी. दाब आपल्या पूर्ण ताकदीच्या एक तृतीयांश असावा आणि तो पुढे निम्म्यापर्यंत न्यावा. चोपड्याच्या दादांनी सुचवलेली काट्याची कल्पना मला फार आवडली. फक्त एक दक्षता घ्यावी, की पूर्ण ताकद किती हे मोजताना ती दुखऱ्या हाताने न मोजता चांगल्या हाताने मोजावी आणि त्याच्या एक तृतीयांश आकड्यापासून दुखऱ्या हाताची सुरुवात करावी.

थोडे दुखले तर थांबावे का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या दिवशीच्या सकाळी मिळते. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे असह्य दुखते असे मानले, तर व्यायामाच्या वेळी तीन-चारपर्यंतची वेदना चालते, मात्र ती थोड्या वेळात ओसरली पाहिजे आणि दुसऱ्या सकाळी खांदा आदल्या सकाळपेक्षा अधिक दुखता कामा नये. तसे झाले तर व्यायाम सोडून देऊ नये, दाब किंवा सेकंद कमी करावेत. रात्रीची झोप मोडू लागली तरी हाच नियम लावावा.

रक्तदाबाविषयीची तुमची शंका रास्त आहे. श्वास रोखून जोर लावला की तेवढ्या वेळापुरता रक्तदाब बराच वाढतो. म्हणून दाब देताना मोठ्याने अंक मोजावेत, कारण बोलणाऱ्या माणसाचा श्वास रोखला जात नाही. गोळीने रक्तदाब आटोक्यात असेल तर एका हाताच्या एवढ्या मर्यादित दाबाने सहसा अडचण येत नाही. उलट 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात नियमित आयसोमेट्रिक व्यायामाने विश्रांतीच्या वेळचा रक्तदाब कमी होतो असे दिसले, परंतु तो मुख्यतः भिंतीला पाठ लावून गुडघे वाकवून बसल्यासारखे राहणे आणि मूठ आवळून धरणे अशा व्यायामांबद्दल होता. रक्तदाब वर-खाली होत असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारावे आणि मगच सुरुवात करावी.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायची आहे, कारण तिच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. आयसोमेट्रिक व्यायामाने मिळणारी ताकद मुख्यतः ज्या कोनात हात धरला असेल त्या कोनाच्या आसपासच वाढते. कोपर कमरेशी ठेवून महिनोन्महिने चौकट ढकलली तर खांदा त्याच स्थितीत बळकट होईल, परंतु तुमचे काम छातीच्या उंचीवर, कोपर अंगापासून दूर ठेवून चालते. तेव्हा वेदना आटोक्यात आली की हाच दाब हळूहळू वरच्या कोनात द्यायला हवा, आणि त्यापुढे रबरी पट्टा ताणणे, पाण्याची अर्धा लिटरची बाटली धरून हात वर नेणे अशा हलत्या व्यायामांकडे जायला हवे. भिंतीवरच्या दाबापाशीच थांबणारे रुग्ण "व्यायाम केला, पण फरक पडला नाही" असे सांगत परत येतात. टेंडन सावकाश सुधारते. संपूर्ण कार्यक्रमासाठी किमान बारा आठवड्यांची तयारी ठेवावी.

उत्तर : माध्यमिक शिक्षक, शहादा

वरील माहिती उत्तम आहे. परंतु खांदा दुखतो अशा प्रत्येकाने ती स्वतःला लागू करू नये, एवढ्यासाठी माझा अनुभव लिहीत आहे. मला मधुमेह आहे. फळ्यावर लिहिताना डावा खांदा आखडू लागला, तेव्हा मलाही असेच दाब देण्याचे व्यायाम सांगण्यात आले. (मी डावखुरा आहे.) ते नेमाने केले, परंतु हात दिवसेंदिवस कमीच फिरू लागला. पुढे तपासणीत तो फ्रोझन शोल्डर असल्याचे निष्पन्न झाले, म्हणजे सांध्याभोवतीचे आवरणच जाड होऊन आवळले गेले होते. मधुमेह असणाऱ्यांमध्ये हा विकार इतरांपेक्षा बराच अधिक आढळतो आणि चाळीस ते साठ या वयात विशेष दिसतो, असे मला समजावून सांगण्यात आले.

दोन्हींतील फरक ओळखण्याची एक सोपी रीत तेव्हा मला दाखवली होती. दोन्ही कोपर काटकोनात वाकवून बरगड्यांना लावावेत आणि घरातील कोणीतरी आपले दोन्ही पंजे हळुवारपणे बाहेरच्या बाजूस वळवावेत. आपण स्वतः मुळीच जोर लावायचा नाही. रोटेटर कफ दुखत असेल तर दुखरा हातही बहुधा चांगल्या हाताइतका बाहेर जातो. आखडलेला खांदा दुसऱ्याने वळवला तरी मध्येच अडतो. माझा हात चांगल्या हाताच्या निम्म्यापर्यंतही जात नव्हता. सांध्याच्या संधिवातातही असेच अडते, म्हणून एक्स-रे आवश्यक असतो.

अशा खांद्याला हळूहळू ताण देऊन हालचाल वाढवण्याचे व्यायाम, रक्तातील साखरेवर नियंत्रण आणि भरपूर धीर लागतो. सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतल्याने रात्रीच्या वेदनेला चांगला उतार पडला, मात्र त्यानंतर काही दिवस साखर वाढली होती. मधुमेहींनी हे आधीच लक्षात ठेवून साखर तपासत राहावे. ताई, तुम्ही साखर तपासली नसेल तर आधी ती तपासून घ्यावी, ही विनंती.

उत्तर : परिचारिका, नंदुरबार

व्यायामाविषयी लिहिण्यासारखे काही शिल्लक नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात जे दिसते त्यावरून एवढेच जोडते, की खांद्यातली प्रत्येक कळ खांद्याची नसते. चढावर चालताना किंवा ओझे उचलताना डाव्या खांद्यात, हातात वा जबड्यात कळ येऊन दम लागत असेल, घाम फुटत असेल, तर भिंतीवर दाब देत बसू नये, तत्काळ हृदयाची तपासणी करावी. तेलकट जेवणानंतर पोटाच्या उजव्या बाजूला दुखून उजव्या खांद्यात कळ जात असेल तर पित्ताशयाची शंका घ्यावी. हाताला मुंग्या येणे किंवा पंजाची पकड सुटणे हे मानेतील नसेचे लक्षण असू शकते. पडल्यानंतर हात उचलताच न येणे, ताप, वजन घटणे, किंवा कोणत्याही स्थितीत न थांबणारी रात्रीची वेदना, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांकडे जाण्यात विलंब करू नये.

प्रश्नकर्त्या भगिनीचे पुन्हा लेखन

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार मानते. गुरुजींनी सांगितलेली चाचणी सुनेकडून करून घेतली. दोन्ही हात जवळजवळ सारखेच बाहेर जातात. साखर तपासली, ती ठीक आहे. डॉक्टरांना विचारले असता रक्तदाबही आटोक्यात असल्याने हरकत नाही असे त्यांनी सांगितले.

बाहेरच्या बाजूला दाब देण्याचा व्यायाम मानवतो आहे. टॉवेल पडू न देणे सुरुवातीला अवघड गेले, पण आता जमते, आणि तीन-चार दाबांनंतर खांदा खरोखर मोकळा वाटतो. मात्र भिंतीला बाजू करून कोपराने दाब दिला की दुखू लागते आणि ते रात्रीपर्यंत राहते. तो प्रकार सोडून द्यावा का? दुसरे असे, की एका नातेवाइकांनी दुर्बिणीतून हाड घासून घेण्याची शस्त्रक्रिया लवकर करून टाकावी असा आग्रह धरला आहे, तर दुसरे इंजेक्शन घ्या म्हणतात. आपले मत काय? आखाजीच्या कामाचे उत्तर राहिले आहे, तेही द्यावे.

उत्तर : फिजिओथेरपिस्ट, जळगाव

ताई, आपण चाचणी आणि तपासण्या करून घेतल्या, हे फार चांगले झाले. तुमच्या वर्णनावरून दुखणे रोटेटर कफच्या टेंडनचेच दिसते. तरी प्रत्यक्ष तपासणाऱ्यांचा शब्द माझ्याहून अधिक मानावा.

बाजूचा दाब सोडण्यापूर्वी त्यात बदल करून पाहावा. खवाटा पाठीवर सरळ आडवा बसलेला नसतो, तो थोडा पुढच्या बाजूस झुकलेला असतो. त्यामुळे हात अगदी बाजूला नेण्याऐवजी सुमारे 30 अंश पुढे आणला की खांद्याला तो कोन अधिक सुसह्य होतो. भिंतीला पूर्ण बाजू न करता थोडे भिंतीकडे वळून उभे राहावे, कोपर अंगाच्या किंचित पुढे ठेवावा आणि आता देता त्याच्या निम्माच दाब द्यावा. आठवडाभर एवढे करूनही रात्रीपर्यंत दुखत राहिले तर तो प्रकार तूर्त बाजूला ठेवून केवळ बाहेरचा आणि आतला दाब चालू ठेवावा. त्याने काहीही बिघडत नाही.

शस्त्रक्रियेबाबत घाई करू नये. खांद्याच्या टोकावरील हाड घासून जागा मोकळी करण्याच्या शस्त्रक्रियेची तुलना केवळ दुर्बीण घालून आत पाहिलेल्या, पण हाड न घासलेल्या रुग्णांशी करणारे दोन अभ्यास, एक ब्रिटनमधील आणि दुसरा फिनलंडमधील, 2018 साली नामांकित वैद्यकीय नियतकालिकांत छापून आले. दोन्हींत हाड घासल्याने रुग्णाला जाणवेल असा अतिरिक्त फायदा झाला नाही. इजा होऊन टेंडन पूर्ण तुटले असेल तर प्रश्न वेगळा असतो आणि तेव्हा शस्त्रक्रियेचा विचार लवकर करावा लागतो, परंतु तुमच्या सोनोग्राफीत तसे नाही. टेंडनची झीज आणि लहान चिरा वाढत्या वयात मुळीच न दुखणाऱ्या खांद्यांतही दिसतात, म्हणून केवळ अहवालातील शब्द वाचून धास्ती घेऊ नये. इंजेक्शनने काही आठवडे आराम मिळतो, टेंडन बळकट होत नाही. वेदनेमुळे व्यायामच करता येत नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने ते एकदा घेण्यात हरकत नसते, पण तुम्हाला व्यायाम करता येत असताना त्याची निकड मला दिसत नाही. वारंवार इंजेक्शने घेणे टेंडनच्या हिताचे नाही.

आखाजीचे काम पूर्ण नाकारावे असे मी म्हणणार नाही, कारण ते तुमचे उपजीविकेचे साधन आहे आणि हाताला काम असणे खांद्याच्या विरोधात नाही. एरवीच्या दिवसांत थोडे आणि सणाच्या आठवड्यात एकदम कितीतरी पट, हा अचानक वाढणारा भार टेंडनला सोसत नाही. शक्य असेल तर आतापासूनच दर आठवड्याला थोडे थोडे मांडे वाढवत न्यावेत आणि सणाचे काम नेहमीच्या निम्मे घ्यावे. कणीक मळण्याचे काम घरातील दुसऱ्या कोणाकडे द्यावे, म्हणजे खांद्याची ताकद पसरवण्यासाठी उरेल. चूल जमिनीवर असेल आणि तुम्ही पाटावर बसत असाल तर पाट थोडा उंच घ्यावा. बसण्याची जागा खापराच्या तुलनेत जितकी उंच, तितके हात कमी उचलावे लागतात. पुरेसे मांडे झाले की मध्येच उठून चौकटीपाशी दोन-तीन दाब देऊन परत बसावे.

झोपताना डाव्या कुशीवर वळून उजव्या हाताखाली उशी घ्यावी, म्हणजे दंड छातीवरून खाली लोंबकळत नाही. पाठीवर झोपत असाल तर कोपराखाली दुमडलेली चादर ठेवावी.

पुढच्या टप्प्याविषयी सांगतो. निम्म्या ताकदीचा दाब 45 सेकंद धरून पाच वेळा देता आला, आणि सलग काही दिवस दुसऱ्या सकाळी खांदा वाढून दुखला नाही, की रबरी पट्ट्याचे व्यायाम एक दिवसाआड सुरू करावेत. पट्टा सुरू केल्यावरही चौकटीवरचा दाब लगेच सोडू नये. ज्या दिवशी काम जास्त होऊन खांदा कुरकुर करू लागेल, त्या दिवशी पट्टा बाजूला ठेवून केवळ हलका दाब द्यावा आणि पुढच्या सकाळचा अंदाज घेऊन मगच पट्ट्याकडे वळावे. तुमच्या फिजिओथेरपिस्टना महिन्याभराने पुन्हा भेटून दोन्ही हातांची ताकद मोजून घ्यावी आणि हात किती कोनापर्यंत न दुखता जातो याची नोंद करून घ्यावी. पट्ट्याचा ताण किती ठेवायचा हे त्या आकड्यांवरून त्यांना ठरवता येईल.